बायपासनंतर पाय गार का पडतात?

गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी परिसरातील रुग्णाला हृदयशस्त्रक्रियेसाठी बहुधा नागपूर गाठावे लागते. 2012मध्ये राज्य शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोलीचा समावेश होता. त्यामुळे बायपास शस्त्रक्रिया साध्या शेतकरी कुटुंबाच्याही आवाक्यात आली. शस्त्रक्रियेनंतरची वर्षे मात्र गावातच काढायची असतात. थंडीत पाय गार पडले, संध्याकाळी घोटे सुजले, की संशय रक्तदाबाच्या गोळ्यांवर जातो आणि त्या परस्पर बंद केल्या जातात.

हा संशय अगदीच निराधार नाही. मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल ही बीटा ब्लॉकर गटातील औषधे हृदयाची गती व जोर कमी करतात. हातापायांतील रक्तवाहिन्या रुंदावण्याची क्रियाही त्यांच्यामुळे काहीशी मंदावते आणि बोटे गार पडतात. म्हणूनच पायाच्या धमन्या अरुंद झालेल्यांना ही औषधे देऊ नयेत, असे दीर्घकाळ मानले जाई. 1991मध्ये अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले असता सौम्य व मध्यम आजारात चालण्याची क्षमता त्यांनी घटत नसल्याचे दिसले. तीव्र अडथळा असल्यास सावधगिरी हवीच. परंतु ही गोळी अचानक थांबवणे गार पायांपेक्षा कितीतरी अधिक धोक्याचे असते; हृदयाची गती एकाएकी वाढून छातीत कळ येऊ शकते, प्रसंगी हृदयविकाराचा झटकाही येतो. मात्रा कमी करायची की औषध बदलायचे, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

अॅमलोडिपिनची गोष्ट नेमकी उलट. ते सूक्ष्म धमन्या रुंदावते, शिरा मात्र तशाच राहतात. परिणामी केशवाहिन्यांतील दाब वाढून द्रव बाहेर झिरपतो आणि दोन्ही घोटे सुजतात. या सुजेवर लघवी वाढवणाऱ्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही; मात्रा कमी केल्याने किंवा रामिप्रिलसारखे औषध जोडल्याने ती उतरते. बायपाससाठी ज्या पायातील शीर काढली, तो पाय काही आठवडे सुजणे किंवा आतल्या बाजूने बधिर वाटणे यात औषधाचा दोष नसतो.

हाताची धमनी वापरली असल्यास हेच औषध मुद्दाम दिले जाते. फ्रेंच शल्यविशारद आलँ कार्पांतिए यांनी 1970च्या दशकात ही धमनी वापरून पाहिली, पण ती आकुंचन पावून बंद पडत असल्याने पद्धत मागे पडली. पुढे 1990च्या दशकात आकुंचन रोखणाऱ्या औषधांच्या आधाराने ती पुन्हा रूढ झाली.

गोळ्यांना दोष देताना खर्‍याकडे मात्र सोयीस्कर दुर्लक्ष होते. त्यातील तंबाखूचे निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करते. चालताना पोटरीत गोळा येऊन थांबल्यावर दुखणे ओसरत असेल, तर धमनीतच अडथळा असण्याची शक्यता अधिक. घोटा व दंड येथील रक्तदाबांचे गुणोत्तर 0.9पेक्षा कमी आले, तर हे निदान पक्के होते. अशा रुग्णाने धानाच्या बांधीत अनवाणी उतरू नये. काट्याची लहानशी जखमही चिघळते.

एकाच पायाची सूज व पोटरीतील वेदना ही शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची खूण असू शकते. पाय अकस्मात पांढराफटक, थंड व असह्य दुखरा झाला, तर मात्र सकाळची वाट पाहू नये. साधारण सहा तासांत रक्तप्रवाह सुरू झाला नाही, तर पाय गमावण्याची भीती असते आणि आरमोरीहून नागपूर गाठताना त्यातील बराच वेळ रस्त्यातच जातो.