वंगणातील जादा मात्रा

मोटारीचे वंगण बदलावयास गेले की पुष्कळदा दुकानदार एक लहानशी बाटली पुढे करतो. “हेही ओता, इंजिनाचे आयुष्य वाढेल,” असे तो सांगतो. त्याचे ऐकावे काय? याचे उत्तर इतिहासच देतो.

मोटारीच्या आरंभकाळी वंगण म्हणजे निव्वळ खनिज तेल असे. त्यामुळे इंजिनात गाळ साचे आणि धातू झिजे. १९३० नंतरच्या दोन दशकांत रसायनज्ञांनी उपाय योजले. मळ सुटा ठेवणारी, गंज रोखणारी व झीज आवरणारी द्रव्ये कारखान्यातच तेलात मिसळली जाऊ लागली. आजच्या चांगल्या वंगणात ती मोजूनमापून, एकमेकांस बाधणार नाहीत अशा प्रमाणात असतात.

तरीही बाटल्यांचा व्यापार थांबला नाही. अमेरिकेत १९३८ साली रॉय प्लंकेट यांना टेफ्लॉनचा शोध लागला. पुढे त्याचेच कण असलेले ‘स्लिक ५०’ बाजारात आले. थंड इंजिन सुरू होताना धातूवर धातू घासतो, आमचे द्रव्य त्यापासून वाचवते, अशी त्याची जाहिरात असे. तेथील संघीय व्यापार आयोगाने १९९६ साली तिला हरकत घेतली. पुस्तिकेत सांगितलेले साधे वंगणच बहुतेक इंजिनांना पुरेसे संरक्षण देते, असे आयोगाचे म्हणणे होते. १९९७ साली तडजोड झाली आणि ग्राहकांना किमान १ कोटी डॉलरची भरपाई व सवलती देण्याचे उत्पादकांनी मान्य केले.

वैद्याने बांधून दिलेल्या मात्रेत आपण आपल्या हाताने दुसरी पुडी मिसळत नाही. वंगणाचेही तसेच आहे. पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे तेल घ्यावे, ते वेळेवर बदलावे आणि बाटलीचे पैसे त्याकरिताच राखून ठेवावेत.