पाचातले दोन

नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली. रात्री उशिरा केलेल्या डिप्लॉयमेंटमुळे सकाळी दीड तास अ‍ॅप बंद पडलं. चूक माझी होती आणि मी ती कबूलही केली. पण दुपारी चहाच्या टपरीवर कानावर आलं, "कोल्हापूरकडची पोरं घेताना जरा बघून घेतलं पाहिजे." टीममध्ये कोल्हापूरकडचे आम्ही दोघंच होतो. दुसऱ्याने तर त्या दिवशी लॅपटॉपही उघडला नव्हता.

हे वाक्य मला बऱ्याच वर्षांनी पुन्हा आठवलं, १९३३ सालच्या एका विमान अपघाताबद्दल वाचताना.

त्याआधी थोडं मागे जायला लागेल. भारतीय माणूस लढाऊ विमान उडवू शकतो का, या प्रश्नाचं उत्तर खरं तर पहिल्या महायुद्धातच मिळालं होतं. तेव्हा ब्रिटिशांच्या हवाई दलात मोजके भारतीय वैमानिक होते. इंद्रलाल रॉय यांच्या नावावर जुलै १९१८ मधल्या दोन आठवड्यांहून कमी काळात दहा विमानं जमा झाली आणि त्याच महिन्यात ते मारले गेले. आपल्या मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर त्याआधी काही आठवडेच, जूनमध्ये, जखमी अवस्थेत जर्मनांच्या हाती लागून वारले. एवढं होऊनही युद्ध संपल्यावर दार बंद झालं. ते किलकिलं व्हायला स्कीन समितीची शिफारस यावी लागली आणि १९३० साल उजाडावं लागलं. त्या वर्षी इंग्लंडमधल्या क्रॅनवेलच्या हवाई दल महाविद्यालयात पहिले भारतीय कॅडेट दाखल झाले.

त्यातून पाच वैमानिक तयार झाले: हरीशचंद्र सरकार, सुब्रतो मुखर्जी, भूपिंदर सिंग, ऐजाद बक्ष अवान आणि अमरजीत सिंग. सहावे टंडन. उंची कमी म्हणून त्यांना वैमानिक होता आलं नाही, ते सामानसुमानाचे अधिकारी झाले.

८ ऑक्टोबर १९३२ ला भारतीय हवाई दल स्थापन झालं. बरोबर एका आठवड्याने, १५ ऑक्टोबरला, जेआरडी टाटा टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीच्या ड्रिग रोड तळावरून मुंबईला उडाले. ही उड्डाणाची गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत असते. पण त्याच ड्रिग रोडवर १ एप्रिल १९३३ ला हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली, हे फारसं कुणी सांगत नाही. कराची आज परदेशात आहे. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता, म्हणजे हवाई दलाचा जन्म आपल्याच इलाख्यातला.

तुकडी केवढी होती? चार वापिटी विमानं, सहा अधिकारी आणि १९ हवाई सिपाही. बस्स. आजच्या भाषेत सांगायचं तर एखाद्या स्टार्टअपएवढी. त्या सिपायांत हरजिंदर सिंग नावाचा लाहोरचा एक इंजिनियर होता. डिग्री हातात असून तो सिपाही म्हणून भरती झाला, कारण त्याला विमानांवर काम करायचं होतं. पुढे हाच माणूस एअर व्हाइस मार्शल झाला आणि मेंटेनन्स कमांडचा प्रमुख झाला. त्या कमांडचं मुख्यालय आज नागपूरला आहे.

वापिटी म्हणजे दोन मजली पंखांचं, दोन उघड्या बैठकांचं विमान. वैमानिक पुढे, निरीक्षक मागे, डोक्यावर छत नाही. त्याची रचना करताना अटच अशी होती की पहिल्या महायुद्धातल्या जुन्या विमानाचे सुटे भाग शक्य तितके वापरायचे. थोडक्यात, लेगसी कोडवर उभं केलेलं नवं व्हर्जन. पण विमान टाकाऊ नव्हतं. तुकडी स्थापन झाल्यावर दोनच दिवसांनी, ३ एप्रिल १९३३ ला, एव्हरेस्टवरून पहिल्यांदा विमानं गेली, ती याच घराण्यातली.

ड्रिग रोडवरचे ते महिने शिकण्याचे होते. काम लष्कराला मदत करण्याचं: तोफांचे गोळे कुठे पडतात ते वरून सांगायचं, फोटो काढायचे, दोन काठ्यांमध्ये ताणलेल्या दोरीवरचा निरोप खाली झेपावून आकड्याने उचलायचा. असल्या कामात विमान जमिनीजवळ असतं आणि चूक सुधारायला वेळ मिळत नाही. सिम्युलेटर वगैरे प्रकार दिमतीला नव्हता. जे शिकायचं ते हवेतच.

सप्टेंबर १९३३ मध्ये अपघात झाला. भूपिंदर सिंग आणि अमरजीत सिंग दोघेही गेले. हवाई दलातला हा पहिला प्राणघातक अपघात.

आता गणित करा. पाच वैमानिकांतले दोन, म्हणजे ४० टक्के. तुकडी स्थापन होऊन सहा महिनेही झाले नव्हते. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही 'बस फॅक्टर' म्हणतो: किती माणसं अचानक गेली तर प्रोजेक्ट बंद पडेल? इथे तो आकडा जवळजवळ गाठलाच होता. पुढे सरकार यांनाही एका अपघातानंतर सेवा सोडावी लागली. पाचातले उरले दोघे, मुखर्जी आणि अवान.

मोठ्या दलात विमान पडलं की तो अपघात असतो. त्याची चौकशी होते, कारण शोधलं जातं. पण पाचच जण असतील आणि त्यांच्या मागे "यांना जमेल का?" हा प्रश्न उभा असेल, तर तेच पडलेलं विमान पुरावा ठरू शकतं. इंजिन, वारा, उंची, सगळं बाजूला राहतं आणि चर्चा जातीची, गावाची, देशाची होते. पहिल्या माणसांना ही किंमत जास्तीची मोजावी लागते. त्यांना स्वतःपुरतं चुकायची मुभा नसते.

तुकडी मात्र बंद पडली नाही. क्रॅनवेलहून पुढचे आले. त्यात अस्पी इंजिनियरही होते, जे पुढे हवाई दलप्रमुख झाले. १९३७ मध्ये तुकडी वायव्य सरहद्दीवर मीरानशाहहून पहिल्यांदा प्रत्यक्ष कारवाईत उतरली. दुसरी फ्लाइट एप्रिल १९३६ मध्ये आणि तिसरी जून १९३८ मध्ये उभी राहिली. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा १६ अधिकारी आणि ६६२ जवान होते. मार्च १९३९ मध्ये मुखर्जींनी त्याच स्क्वाड्रनची सूत्रं हाती घेतली आणि १ एप्रिल १९५४ ला ते हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. तुकडीच्या जन्माला त्या दिवशी बरोबर २१ वर्षं झाली होती.

मुखर्जींचं नाव शाळांच्या फुटबॉल स्पर्धेमुळे तरी कानावर येतं. भूपिंदर आणि अमरजीत ही नावं मी तिशीला टेकेपर्यंत ऐकली नव्हती. उजळाईवाडीच्या विमानतळावरून जाताना हल्ली ती आठवतात. एखादी गोष्ट जमली की जमवणाऱ्याचं नाव राहतं. ती जमायच्या आधी गेलेल्यांची नावं शोधावी लागतात.

गेल्या महिन्यात आमच्या टीममधल्या एका नव्या मुलीच्या बदलामुळे सर्व्हर बसला. ती तिच्या तालुक्यातून आमच्याकडे आलेली पहिलीच. रिपोर्ट मी लिहिला. त्यात वेळ लिहिली, कारण लिहिलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं ते लिहिलं. गावाचं नाव लिहायला तिथे रकाना नव्हता, आणि टपरीवरही मी तो उघडू दिला नाही.