फिरत्या घराचे स्नान

मोटारीच्या मागे जोडून ओढीत न्यावयाचे घर आणि ते ओढणारी मोटार ही किती दिवसांनी धुवावीत, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने हाती घ्यावा याचे काही वाचकांस नवल वाटेल. लढाया, तह आणि राजांच्या वंशावळी यांच्यापुढे बादली व बोळा यांचा प्रताप तो काय! तथापि इतिहासाचा पुष्कळसा भाग दरबारात न घडता अंगणात घडलेला असतो, आणि अंगणातील कामे कोण करीत होते हे पाहिल्यावाचून दरबाराचाही नीट उलगडा होत नाही. म्हणून हा लहानसा विषय वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

इंग्लंडात ज्यास कॅरव्हॅन म्हणतात व अमेरिकेत ट्रेलर, ते हे चाकांवरचे घर. निजण्याची फळी, चूल, पाण्याची टाकी असा आटोपशीर संसार त्यात मांडलेला असतो. ते धुण्याचा काळ किती असावा, याचे ठरीव उत्तर कोणत्याही पंचांगात सापडावयाचे नाही. घराच्या अंगावर कोणता लेप आहे, रस्त्याने त्यावर काय आणून टाकले आहे आणि ते धुणारा हात कोणाचा आहे, या तीन गोष्टींवर ते उत्तर अवलंबून असते. गेल्या दीड शतकात या तिन्ही गोष्टी पालटल्या व त्यांबरोबर उत्तरही पालटत गेले.

प्रथम घोडागाडीचा काळ घेऊ. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात उंची बग्गीच्या अंगावर रंगाचे व रोगणाचे हातावर हात चढत आणि एक गाडी रंगवून बाहेर पडण्यास कित्येक आठवडे लागत. हे रोगण कोपल नावाची राळ, जवसाचे तेल व टर्पेंटाइन यांचे करीत. उत्तम कोपल झांजिबारच्या बाजूने येई, आणि तो बहुधा मुंबईच्या बंदरातून पुढे जात असल्यामुळे व्यापारात त्यास ‘मुंबईचा कोपल’ असे म्हणत. विलायतेतील सरदारांच्या गाड्यांवरील झळाळीस आमच्या मुंबापुरीचे नाव असे लागलेले होते, ही गोष्ट मराठी वाचकांस मौजेची वाटेल.

हे रोगण जितके सुंदर तितकेच नाजूक असे. चिखल त्यावर वाळला की तकाकी गेली. वाळलेला चिखल खरवडला की त्यातील वाळूचे कण रोगणावर ओरखडे काढीत. ऊन पाण्याने ते मऊ पडे, आणि उन्हात धुतल्यास थेंब जागच्या जागी वाळून डाग पडत. तबेल्यातील मलमूत्राच्या वाफेनेही ते मलूल होई, म्हणून गाडीखाना तबेल्यापासून वेगळा बांधावा असा जाणत्यांचा आग्रह असे. यास्तव गाडीवानास शिकवण अशी असे की, गाडी परत येताच, कितीही रात्र झाली तरी, ओला चिखल भरपूर थंड पाण्याने उतरवावा, स्पंजाने हलकेच पुसावा आणि मऊ कमावलेल्या कातड्याने अंग टिपावे. चाकांचा स्पंज गाडीच्या अंगास लावू नये. म्हणजे त्या काळी ‘किती वेळा’ या प्रश्नाचे उत्तर ‘प्रत्येक फेरीनंतर’ असे निःसंदिग्ध होते. ते इतके निःसंदिग्ध असण्याचे एक कारण असे की, उत्तर देणारा मालक होता आणि थंडीत बोटे गारठवून घेणारा नोकर होता.

हौसेखातर प्रवास करण्यासाठी बांधविलेल्या पहिल्या घरांत विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांच्या ‘वाँडरर’चे नाव प्रामुख्याने घेतले जाते. हे गृहस्थ आरमारातील निवृत्त शल्यवैद्य व मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक होते. १८८५ साली ब्रिस्टल येथील गाड्यांच्या कारखान्याकडून त्यांनी महॉगनी लाकडाचे हे घर बांधून घेतले. त्याचे वजन सुमारे दोन टन होते आणि ते ओढण्यास दोन घोडे लागत. बर्कशरमधील ट्वायफर्डहून निघून ते स्कॉटलंडात इन्व्हरनेसपर्यंत गेले, आणि त्या सुमारे तेराशे मैलांच्या प्रवासाचे वर्णन त्यांनी १८८६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. बरोबर गाडीवान होता, आणि खासगीचा चाकर तिचाकी सायकलवरून पुढे जाऊन रस्ता पाहून येत असे. रानावनातील मोकळ्या जीवनाचा आस्वाद घेणाऱ्या या प्रवाशाबरोबर चाकरमाणसे होतीच, हे विसरून चालावयाचे नाही.

पहिल्या महायुद्धानंतर चित्र पालटले. १९१९ साली बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने मोटारीस जोडावयाची घरे बांधण्यास आरंभ केला. युद्धाने आणि कारखान्यांतील पगाराने घरगुती नोकरवर्ग ओसरू लागला होता. मोटार चालविणारा मध्यमवर्गीय गृहस्थच आता आपला मोतद्दार झाला. नेमक्या त्याच सुमारास रसायनशास्त्र त्याच्या साहाय्यास धावून आले. ‘ड्युको’ या नावाचे नायट्रोसेल्युलोजचे नवे रोगण १९२३ साली अमेरिकेत ओकलंड मोटारींवर प्रथम झळकले. जुन्या रोगणास वाळण्यास जेथे दिवसच्या दिवस लागत, तेथे यास काही तास पुरत. ते अधिक टणक होते, परंतु काही काळाने मंद पडे व मेण लावून घासल्यावाचून चकाकत नसे. अशा रीतीने नुसत्या धुण्याबरोबर मेण चढविणे व झिलई आणणे हा दुसरा संस्कार रूढ झाला आणि रविवारच्या सकाळी मालक स्वतः बाह्या सरसावून अंगणात उभा राहू लागला.

घरांच्या बाबतीत मात्र खरी अडचण वेगळीच होती. डेट्रॉइटचे आर्थर शर्मन यांनी १९२९ च्या सुमारास ‘कव्हर्ड वॅगन’ नावाचे ट्रेलर बांधावयास घेतले आणि काही वर्षांतच त्यांचा कारखाना अमेरिकेतील या धंद्याचा अग्रणी ठरला. शर्मन हे व्यवसायाने जंतुशास्त्रज्ञ. सूक्ष्म शत्रूंशी झुंजणाऱ्या या शास्त्रज्ञाच्या घरांनाही जो शत्रू पुरून उरला तो अगदी साधा होता, आणि तो म्हणजे पाणी. लाकडी चौकटीवर दाबीव लाकडाच्या फळ्या ठोकलेल्या त्या काळच्या घरांत एखाद्या सांध्यातून पाणी शिरले की आत कुजणे सुरू होई. ते बाहेरून दिसत नसे, आणि दिसू लागे तेव्हा उशीर झालेला असे.

यावर उपाय म्हणून धातू पुढे आला. ग्लायडर विमाने बांधणारे हॉली बोलस यांनी १९३४ साली अॅल्युमिनियमचे ‘रोड चीफ’ हे घर काढले, आणि १९३६ साली वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीचे ‘क्लिपर’ त्याच वळणावर अवतरले. आरशासारखे चकाकणारे हे घर पाहून लोक वेडे झाले. परंतु आरसा म्हटला की पुसणे आलेच. पुढे अशा घरांस विमानांच्या धर्तीचा पत्रा वापरण्यात येऊ लागला. त्यात मजबूत मिश्रधातूवर शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर असतो, आणि गंजापासून रक्षण करणारा तो हाच थर. हौशी मालक वर्षानुवर्षे घासत राहिला म्हणजे हा रक्षक थरच झिजत जातो. १९६० नंतरच्या दशकात कारखान्यातच पत्र्यावर पारदर्शक लेप चढविण्यात येऊ लागला, तेव्हापासून घासणे वर्ज्य होऊन हळुवार धुणे व मेण लावणे एवढेच उरले. अतिस्वच्छतेनेही वस्तूचे आयुष्य कमी होते, हा धडा या चकाकत्या घरांनी पुरता शिकविला आहे.

रस्त्याचेही तसेच. अमेरिकेत न्यू हॅम्पशर संस्थानाने १९४१-४२ च्या हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर सर्रास मीठ टाकण्यास आरंभ केला, आणि युद्धानंतर ही चाल सर्वत्र पसरली. मीठ व ओलावा एकत्र आले की लोखंडाचे काही खरे नाही. त्यामुळे अशा प्रदेशात वरच्या रंगापेक्षा खालचा सांगाडा, ब्रेक व जोडाचा खटका यांची धुलाई अधिक महत्त्वाची ठरली. पुढच्या मोटारीची मागली चाके खडे, डांबर व चिखल उडवितात आणि तो सारा मारा घराच्या पुढल्या भिंतीवर बसतो. शिवाय त्या उंच, सपाट भिंतीवर किडे आपटून मरतात व त्यांचे अवशेष रंगात खोल उतरतात. म्हणून मोटार व घर यांस एकच नियम लावणे बरोबर नाही. मोटार रोज धावते, रोज मळते. घर महिनोन्महिने उभे असते आणि उभ्या घरावर ऊन, पाऊस, झाडांचा चीक व शेवाळ यांचा अंमल चालतो.

आता विद्यमान स्थितीचा निष्कर्ष सांगतो. आजची बहुतेक घरे काचतंतूंच्या किंवा अॅल्युमिनियमच्या भिंतींची असून पुष्कळांच्या छतावर रबराची चादर असते. लांबचा प्रवास संपताच किडे, पक्ष्यांची विष्ठा व मीठ त्याच दिवशी उतरवावे, कारण येथे जुन्या गाडीवानाचा नियम अद्याप अबाधित आहे. नित्य वापरात असता महिन्यातून एकदा सर्वांग धुणे पुरे. मेण वर्षातून दोनदा लावावे, नाहीतर काचतंतूंच्या भिंतीवरील चकाकता थर उन्हाने खडूसारखा भुकटतो. छत वर्षातून तीन-चार वेळा धुवावे, आणि रबरी चादरीस खनिज तेलाचा अंश असलेले द्रव्य लावू नये, त्याने ती फुगते. भांड्यांचा साबण मेण उतरवितो, म्हणून तो टाळावा. दाबाच्या पाण्याची पिचकारी खिडक्यांच्या कडा, सांधे व हवेच्या झरोक्यांवर कधीही रोखू नये. घर दीर्घकाळ उभे करून ठेवण्यापूर्वी ते पूर्ण धुऊन पूर्ण वाळवावे. मिठाच्या रस्त्यांवर मोटार आठवड्या-पंधरवड्याने खालून धुवावी, एरवी महिन्याने धुतली तरी चालेल.

या साऱ्या नियमांच्या मुळाशी जी गोष्ट आहे ती आमच्या शेतकऱ्यास सांगावी लागत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी तो बैलांची खांदमळणी करतो. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यास हळद व तूप चोळताना सोललेली जागा, आलेला गळू आपसूक त्याच्या बोटांस लागतो. पूजेच्या निमित्ताने जनावराची तपासणी होते. चाकांवरचे घर धुतानाही खरा लाभ हाच आहे. ओल्या बोळ्याने सांध्यावरून हात फिरविणाऱ्यास तडकलेला मसाला, सैल झालेला स्क्रू, फुगलेली फळी वेळीच कळते, आणि जोडाच्या गोळ्यास वंगण घालताना त्याची झीज ध्यानात येते. पैसे देऊन यंत्राखालून गाडी काढणाऱ्यास हे कळावयाचे नाही. चाकराच्या हातून बादली मालकाच्या हाती आली, ही आमच्या मते या इतिहासातील सर्वांत हितकर घटना होय.

राहिला पाण्याचा प्रश्न. १९७६ च्या अवर्षणात ब्रिटनमध्ये ठिकठिकाणी नळीने मोटारी धुण्यास बंदी झाली. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन शहरात १ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी दिवसाला अवघे ५० लिटर पाणी ठरवून देण्यात आले होते, आणि पिण्याच्या पाण्याने गाडी धुणे हा तेथे गुन्हा होता. जर्मनीत अनेक गावांनी साबणाचे पाणी भूमीत मुरू नये म्हणून रस्त्यावर मोटारी धुण्यास मनाई केली आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत घागरींच्या रांगा लावणाऱ्या महाराष्ट्रास याचे मर्म वेगळे सांगावयास नको. दोन बादल्या, एक मऊ बोळा आणि सावली एवढ्यात हे काम नीट होते. जेथे तेवढेही पाणी नसेल, तेथे ओल्या फडक्याने सांधे पुसून ते नीट न्याहाळावेत आणि चकाकीची हौस पावसाळ्यावर सोपवावी.