स्वयंमूल्यमापन : आपली वही आपणच तपासताना

वही शिक्षकांच्या टेबलावर ठेवली, की आपले काम संपले, अशी बहुतेक विद्यार्थ्यांची समजूत असते. लाल शाईच्या खुणा घेऊन ती परत आली, की गुण पाहायचे आणि पान उलटायचे. आपले उत्तर कसे झाले आहे, हे दुसऱ्याने सांगेपर्यंत लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसते. हे परावलंबित्व कमी करणारे साधन म्हणजे स्वयंमूल्यमापन होय.

ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली आणि माँटेसोरी पद्धत इकडच्या मातीत रुजवली. त्या पद्धतीतील लहान-मोठे लाकडी दट्टे खाचांत बसवताना एखादा चुकला, तर शेवटी एक दट्टा बसतच नाही. चूक साहित्यच दाखवते. बाईंना बोलावे लागत नाही.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. त्यानंतर २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यातील आकारिक मूल्यमापनासाठी निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि शेवटी 'इतर' अशी आठ साधने सांगितली गेली. स्वयंमूल्यमापनाला जागा मिळाली ती या 'इतर'मध्ये, प्रश्नावली, सहाध्यायी मूल्यमापन आणि गटकार्याच्या शेजारी. शेवटच्या रकान्यातील गोष्ट शेवटीच उरकली जाते, हे सांगावयास नकोच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मात्र प्रगतिपत्रकात शिक्षकांच्या नोंदीबरोबरच विद्यार्थ्याच्या स्वयंमूल्यमापनाचाही स्पष्ट उल्लेख केला आहे.

प्रत्यक्ष वर्गात हे कसे करावे? आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू यांचे गाव. समजा, तेथील पाचवीच्या मुलांना त्यांच्याविषयी दहा ओळी लिहावयाच्या आहेत. लिहिण्यापूर्वीच चांगल्या लेखनाच्या कसोट्या मुलांकडून काढून घेऊन फळ्यावर लिहाव्यात : घटना कधी व कोठे घडली, ती का घडली, ओळी क्रमाने आहेत का, गाव न पाहिलेल्यालाही समजेल का. मग नाव झाकलेले एक चांगले आणि एक अपुरे लेखन वाचून दाखवावे व त्यांतील फरक मुलांनीच सांगावा. लेखन झाल्यावर प्रत्येकाने कसोटी जेथे पूर्ण झाली तेथे पेन्सिलने रेघ ओढावी आणि खाली एक वाक्य लिहावे. उदाहरणार्थ, '१२ डिसेंबर १९३० ही तारीख व मुंबई आले. पण विदेशी कापडाचा ट्रक का अडवला, हे राहिले.' यानंतर दुसरा खर्डा. शिक्षकांची तपासणी त्यानंतर यावी आणि मुलाचे मत व त्यांचे मत जेथे जुळत नाही, तेथेच त्यांनी अधिक वेळ द्यावा.

दुसरा खर्डा हा या पद्धतीचा प्राण आहे. ऑस्ट्रेलियन अभ्यासक रॉइस सॅडलर यांनी १९८९ मध्ये हेच मांडले : विद्यार्थ्याला अपेक्षित दर्जा ठाऊक हवा, आपले काम त्याच्याशी ताडून पाहता यावे आणि मधले अंतर कमी करण्यासाठी त्याने काही करावे. 'मला हा पाठ समजला' यापुढे हसरा चेहरा काढणे म्हणजे स्वयंमूल्यमापन नव्हे. त्यातून फार तर मुलाची त्या दिवशीची मनःस्थिती कळेल!

अडचणीही आहेत. कच्चा विद्यार्थी अनेकदा स्वतःला अधिक समजतो, तर एखादी कष्टाळू पण भिडस्त मुलगी स्वतःला कमी लेखते. स्वतःला दिलेले गुण निकालात धरले, तर प्रामाणिकपणा संपलाच; म्हणून या नोंदींना गुण नसावेत. सुरुवातीचे काही आठवडे वेळही अधिक लागतो. परंतु एका शिक्षकाकडे दोन वर्ग असलेल्या शाळेत, ते दुसऱ्या वर्गाकडे वळले असताना स्वतःची वही सुधारत बसणारी मुले हा मोठाच आधार ठरतो.

शहरातील पालकांनाही हे घरी करता येईल. गृहपाठातील चुका दाखवण्याआधी 'यातले कोणते उत्तर तुला डळमळीत वाटते?' एवढेच विचारावे आणि त्या उत्तराखाली मुलाला स्वतःच खूण करू द्यावी.