पेणच्या पुढे, रोह्याच्या अलीकडे

नागोठण्याहून पुण्याला होस्टेलवर गेलो तेव्हा सगळ्यात मोठा धक्का बसला तो बंद दारांचा. शेजाऱ्याकडे जाताना आधी दार वाजवायचं असतं, हे मला सतराव्या वर्षी कळलं! तेव्हा वाटायचं, एवढं परकं कुणालाच वाटलं नसेल. असो.

2006 साली कामानिमित्त तीन महिने इस्रायलला होतो. रामले गावात एका दुकानात मराठी ऐकू आलं म्हणून थबकलो. एका आजींनी विचारलं, "कुठला रे तू?" मी सवयीने "मुंबईजवळचा" म्हटलं. "मुंबईजवळ म्हणजे कुठं?" "नागोठणे." "म्हणजे पेणच्या पुढे, रोह्याच्या अलीकडे!"

आजी बेने इस्रायल. आपल्याकडे या लोकांना 'शनवार तेली' म्हणत. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून हे नाव. पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावला फुटलं आणि सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरागत कथा. पेणकर, रोहेकर, किहीमकर ही त्यांची आडनावं म्हणजे कोकणचा नकाशाच! त्यांचं वेगळेपण गावाला माहीत होतं आणि त्यावरून त्यांना कुणी छळलं नाही.

1948 साली इस्रायल झालं आणि मंडळी तिकडे निघाली. ज्यू म्हणून ज्यूंच्या देशात. आता गंमत बघा. तिकडे शनिवारी अख्खा देशच बंद! ज्या एका गोष्टीने हे लोक इथे ओळखले जायचे, तिचं तिथे काही विशेषच राहिलं नाही. उरला तो रंग, भात आणि मराठी. आजूबाजूला कुणी मोरोक्कोचं, कुणी रुमानियाचं, आणि हिब्रू आली ती प्रार्थनेपुरती. 1951 च्या अखेरीस बीरशेबाकडची काही कुटुंबं तेल अवीवला येऊन ज्यू एजन्सीसमोर ठाण मांडून बसली. मागणी एकच, आम्हाला भारतात परत पाठवा. काळ्यांनी काळा पाव खावा, असं ऐकवलं जातं ही त्यांची एक तक्रार होती. 1952 मध्ये शंभरावर माणसं खरोखर परत आली. आणि त्यातली बरीचशी पुढे पुन्हा इस्रायलला गेली! मला वाटतं, ती परतली तोवर इथलंही घर पूर्वीचं राहिलं नसणार.

पण तरुणांचा खरा प्रश्न लग्नाचा होता. 1962 मध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयाने फर्मान काढलं की बेने इस्रायल मुलामुलीला दुसऱ्या ज्यूशी लग्न करायचं असेल तर आधी पूर्वजांची चौकशी होईल. म्हणजे कॉलेजात, कारखान्यात ओळख व्हायची, जमायचं, आणि मग आजीची आजी कोण होती हे सिद्ध करा! रोह्याच्या कुठल्या दप्तरात ते सापडणार? यावर लोक जेरुसलेमला धरणं धरून बसले, संसदेत ठराव झाला, आणि ऑगस्ट 1964 मध्ये रब्बींनी ते फर्मान मागे घेतलं.

आजी या सगळ्याच्या मधेच, सोळाव्या वर्षी आलेल्या. संपाबद्दल फारसं बोलल्या नाहीत. त्यांना आठवत होतं ते लष्कर. तिकडे अठराव्या वर्षी मुलींनाही लष्करात जावं लागतं. घरी परपुरुषासमोर मोठ्याने हसायची बंदी, आणि इथे छावणीत पोरांबरोबर बंदूक साफ करायची! "पहिल्या सुट्टीला घरी आले तर आईने बंदूक बघून दार लावून घेतलं. म्हणाली, आधी ती बाहेर ठेव. बाहेर कशी ठेवणार? हरवली तर तुरुंग! तासभर पायरीवर बसले."

"मग?"

"मग काय, शेजारच्या मोरोक्कोवालीने आत घेतलं. तिची भाषा मला येत नव्हती आणि माझी तिला. चहा दिला. पुदिन्याचा, बिनदुधाचा. शी!"

निघताना मलिद्याचा विषय निघाला. एलियाहू हन्नबीच्या नावाने पोहे, खोबरं, साखर आणि फळं एकत्र करून करतात तो. पोहे तिथे दुकानात मिळतात, पण आजींच्या मते त्यात राम नाही. पुढल्या खेपेला पेणचे दोन किलो आण म्हणाल्या, पातळ नको, जाडे.