कोळशाच्या खोपटातली मोटार

मोटारीचा कारखाना म्हटला की उंच धुराडी आणि हजारो कामगार आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु हेन्री फोर्डची पहिली गाडी कारखान्यात जन्मली नाही. ती जन्मली अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी, एका भाड्याच्या घरामागच्या कोळशाच्या खोपटात.

फोर्ड शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १८६३ चा. शेतीपेक्षा घड्याळे उघडून पाहण्यात त्याचा जीव अधिक रमे. पुढे तो डेट्रॉइटच्या वीज कंपनीत इंजिनियर झाला. दिवसा नोकरी आणि रात्री हा उद्योग, असा त्याचा क्रम होता.

२४ डिसेंबर १८९३ च्या रात्री त्याने आपले पहिले छोटे इंजिन स्वयंपाकघरात आणून मोरीवर घट्ट आवळले. सिलिंडर म्हणजे काय, तर गॅसच्या नळीचा तुकडा. जड चाक म्हणजे लेथचे जुने हातचाक! घरात नाताळची धांदल, मुलगा जेमतेम सात आठवड्यांचा. तरी पत्नी क्लाराने हातातले काम बाजूला ठेवले आणि ती थेंब थेंब पेट्रोल सोडू लागली. ठिणगीसाठी घरातल्या दिव्याची वीज घेतली होती. फोर्डने चाक फिरवले आणि इंजिन धडधडले.

पण इंजिन धडधडणे वेगळे आणि त्याने माणसाला वाहून नेणे वेगळे. सिलिंडर आतून सगळीकडे सारखा गोल व गुळगुळीत हवा. तसा नसला, तर दट्ट्याच्या कडेने वायू निसटतो आणि जोर फुकट जातो. असे भाग बाजारात तयार मिळत नव्हते. मग वाफेच्या इंजिनाच्या जुन्या नळीतून दोन सिलिंडर कातून काढले, चाके सायकलची लावली, वळवायला सुकाणूसारखा दांडा बसवला. वजन सुमारे ५०० पौंड, शक्ती चार अश्वशक्ती. मागे जाण्याची सोय मात्र नव्हती!

४ जून १८९६ च्या पहाटे गाडी तयार झाली, आणि पाहतात तो काय, खोपटाचे दार अरुंद! फोर्डने कुऱ्हाड घेतली आणि विटांची भिंत फोडली. पुढे जिम बिशप नावाचा सोबती सायकलवर, मागे फोर्ड. वाटेत गाडी बंद पडली, दुरुस्त केली आणि घरी परत आणली.

इतिहास शिकवणाऱ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोटारीचा शोध फोर्डने लावला नाही. जर्मनीत कार्ल बेंझला १८८६ सालीच पेटंट मिळाले होते. खुद्द डेट्रॉइटमध्ये ६ मार्च १८९६ रोजी चार्ल्स किंगने आपली गाडी रस्त्यावर आणली होती, आणि त्याच किंगने फोर्डला मदतही केली. शेजाऱ्याने खोपटातली आपली जागा मोकळी करून दिली, सोबत्यांनी रात्री जागवल्या, क्लाराने संसार सांभाळून साथ दिली. मग एकट्या फोर्डचेच नाव मुलांना सांगून कसे चालेल?

ती गाडी त्याने २०० डॉलरला विकली आणि दुसरी बांधायला घेतली. १८९९ साली निघालेली पहिली कंपनी १९०१ मध्ये बंद पडली. फोर्ड मोटर कंपनी उभी राहिली १९०३ मध्ये, आणि सामान्य माणसाची ‘मॉडेल टी’ आली १९०८ मध्ये. स्वयंपाकघरातल्या त्या ठिणगीपासून इथवर यायला पंधरा वर्षे लागली. वर्गात ‘मॉडेल टी’चे साल सांगाल, तेव्हा ही पंधरा वर्षेही सांगा.