वडनेर, काटापट्टी क्रमांक २१४

वडनेर हे हिंगणघाट तालुक्यातलं, नागपूर-हैदराबाद महामार्गावरचं गाव. भोवती सगळा कापसाचा मुलूख. तिथल्या एका जिनिंगमधला खालचा दिवस कल्पित आहे. पण एआय एजंटकडून कोड लिहून घेणाऱ्याला त्यातल्या चुका ओळखीच्या वाटतील.

सकाळी ११:०० (चुकाऱ्यांची यादी निघायला साडेतेवीस तास बाकी)
दिवाणजींची तक्रार : पट्टी क्रमांक २१४ टाकला की दोन शेतकरी दिसतात. वजन, कटती, चुकारे सांभाळणारं सॉफ्टवेअर लिहिणारा पोरगा ऑफिसातच लॅपटॉप उघडतो. खरा डेटा बघायचा म्हणून ‘डॉट एन्व्ह’ फाइलमध्ये चालू डेटाबेसचा पत्ता टाकतो आणि एजंटला बजावतो, “हा लाइव्ह आहे. फक्त वाच.” ही फाइल गिटमध्ये जात नाही, त्यामुळे बदलाची नोंद कुठेच उरत नाही.

११:४०
कारण सापडतं. आवारात काटे दोन, आणि दोन्हींचे क्रमांक हंगामात १ पासून सुरू होतात. मग २१४ दोनदा येणारच! कोणता काटा, ते कारकून शेऱ्याच्या रकान्यात लिहितो. ठरतं असं की क्रमांक एकमेव धरायचा नाही, आत्ता शोधात शेरा दाखवायचा, वेगळा रकाना हंगाम संपल्यावर. निर्णय शहाणपणाचा आहे. फक्त तो चॅटमध्येच राहिला.

दुपारी ४:१०
संभाषण लांबलं की एजंट जुना भाग आटवून सारांश करतो. सारांशात ‘शोधात शेरा दाखवला’ हे येतं. ‘क्रमांक एकमेव करू नये’ आणि ‘फक्त वाच’ ही दोन वाक्यं गळतात. केलेलं काम कोडमध्ये दिसतं. मुद्दाम न केलेलं काम दिसणार कुठे?

रात्री ८:३० (चौदा तास बाकी)
घरी नवं सेशन. एजंट रिकाम्या डोक्यानं येतो. ‘एजंट्स डॉट एमडी’ किंवा ‘क्लॉड डॉट एमडी’ अशी फाइल रिपॉझिटरीत असती तर त्यानं ती आधी वाचली असती. इथे आहे फक्त पहिल्या महिन्यातली ‘रीडमी’, आणि तिच्यात काटा एकच. कोरी फाइल परवडली असती, कारण एजंट जुन्या टिपणावर डोळे झाकून विश्वास ठेवतो.

मागणी साधी : शेतकऱ्याला पट्टीचा एसएमएस जावा.

९:१५
एसएमएस दोनदा जाऊ नये म्हणून एजंट पट्टी क्रमांक एकमेव करणारं मायग्रेशन लिहितो. आड येणाऱ्या ‘दुबार’ नोंदी आधी काढतो, शेवटची तेवढी ठेवतो. चाचण्यांतला नमुना डेटा एकाच काट्याचा, त्यामुळे सगळं हिरवं. “चालवू का?” पोरगा ‘हो’ दाबतो. संध्याकाळपासून तो हेच दाबतोय. अशी प्रत्येक परवानगी वाचून देणारा माणूस मला अजून भेटायचाय.

९:१६
चाललं. लाइव्हवर.

निरोप वाटेत हरवला की काय होतं, याचं एक जुनं उदाहरण. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलफलाटावर काय झालं? एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह देखभालीसाठी काढल्याचं रात्रपाळीला कळलंच नाही. दुसरा पंप बंद पडला तेव्हा त्यांनी हाच सुरू केला. १६७ माणसं गेली. त्या व्हॉल्व्हचा कागद होता, पण तो योग्य माणसापर्यंत पोचला नाही. उलटही घडतं. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कोडिंग सेवेच्या एजंटनं, काही बदलू नको असं वारंवार बजावलेलं असूनही, जेसन लेम्किन या उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसला. म्हणजे लिहून ठेवणं पुरत नाही, लाइव्हची किल्लीच हातात द्यायला नको होती.

पहाटे २:००
रोजचा बॅकअप चालतो, कालच्याच फाइलवर. शेवटची धड प्रत गेली. गिटमधून कोड परत येईल. शेतकऱ्यांच्या नोंदी गिटमध्ये नसतात.

सकाळी ८:४० (दोन तासांहून कमी)
दुसऱ्या काट्यावर नवी नोंद अडते : ‘हा क्रमांक आधीच आहे.’ कारकून हुशार. क्रमांकापुढे ‘अ’ टाकतो आणि गाडी पुढे काढतो. धोक्याची एकमेव घंटा वाजली होती, तीही अशी बंद झाली.

१०:३०
बँकेला पाठवायची चुकाऱ्यांची यादी छापून येते. दिवाणजी चष्मा पुसून पुन्हा बघतात. ज्या ज्या क्रमांकाच्या पट्ट्या दोन होत्या, त्यांतली एकच उरली आहे. खिडकीशी उभा शेतकरी पट्टी पुढे करतो, “माह्यं नाव काहून नाही जी यादीत?”

दुपारी १:००
शेतकऱ्यांकडच्या छापील पट्ट्या मागवून नोंदी पुन्हा भरायच्या ठरतात. त्यासाठी एक स्क्रीन हवी. पोरगा नवं सेशन उघडतो. एजंट रिपॉझिटरी आणि डेटाबेस चाळतो आणि पहिलीच सूचना करतो : ‘काही क्रमांकांपुढे अ लागलेला दिसतो. तो काढून दुबार नोंदी साफ करू का?’